खाऱ्या पाण्यावर थंड होणारं मशीन

कोकणात छोटी होडी वाळूवर ओढून झाली की बरेचदा तिच्यामागचं मशीन सोडवून खांद्यावर घेतलं जातं. आठ-दहा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, वजन 25 ते 40 किलोच्या आसपास. जाणता मालक घरी पोचल्यावर ते गोड्या पाण्याच्या पिंपात उभं करून पाच-दहा मिनिटं चालवतो. हा रोजचा सोपस्कार ज्याच्या वाट्याला आला, ते मशीन पंधरा-वीस वर्षांनीही विकत घेण्याजोगं असतं. ज्याच्या वाट्याला आला नाही, ते दोन हंगामांतही भंगार होऊ शकतं. म्हणून वापरलेलं मशीन पाहायला गेल्यावर ते किती तास चाललं यापेक्षा ते उभं कसं होतं, हे आधी विचारावं.

ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचं आऊटबोर्ड विकायला काढलं. आडवा सिलिंडर, उभा क्रँक, खाली पाण्यात जाणारा दांडा आणि टोकाला गिअर लावून फिरवलेला पंखा, अशी त्याची मांडणी होती. आजच्या मशीनचं झाकण काढलं तरी सांगाडा तोच दिसतो. आईस्क्रीम आणायला भर उन्हात वल्ही मारत गेल्यावर त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा नसो, वल्ही मारलेल्या कुणालाही ती पटेल.

या यंत्राला रेडिएटर नसतो. ज्या समुद्रात ते चालतं त्याचंच पाणी ओढून ते स्वतःला थंड ठेवतं, म्हणजे जे त्याला जगवतं तेच आतून कुरतडतही असतं. पाणी वर ढकलायचं काम इम्पेलर करतो. हे तळहातात मावणारं रबराचं चक्र, त्याला पाच-सहा पाकळ्या. ज्या घरात ते फिरतं ते मुद्दाम एका बाजूला सरकवलेलं असतं. त्यामुळे एकीकडे पाकळ्या दुमडतात, दुसरीकडे उलगडतात आणि उलगडताना पाणी ओढून घेतात. वंगण म्हणून त्यांना मिळतं ते फक्त पाणी. कोरडं मशीन "जरा आवाज ऐकू" म्हणून सुरू केलं की काही सेकंदांत रबर जळू लागतं. विकणारा अंगणात, पिंपाशिवाय दोरी ओढून दाखवत असेल, तर इम्पेलर गेलाच असं धरून चालावं.

पंप नीट चालतो की नाही, हे मागून उडणाऱ्या बारीक धारेवरून कळतं. धार जोरात हवी, हाताला कोमट लागायला हवी. ती मंदावली तर लगेच पंप खोलू नये. आधी त्या भोकात बारीक तार फिरवावी, कारण वाळूचा कण किंवा कुंभारमाशीचं घर एवढंच कारण असू शकतं. तरीही धार येत नसेल तर खालचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा गिअरचा भाग, उतरवून इम्पेलर पाहावा. एखादी पाकळी तुटलेली दिसली तर नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तुटका तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, तो हुडकून काढावाच लागतो. नाही तर नव्या पंपानेही मशीन तापतं.

दुसरी परीक्षा गिअर ऑइलची. पायावर वर-खाली दोन स्क्रू असतात. खालचा किंचित सैल केला की पहिले थेंब सगळं सांगतात. काळपट, जळकट तेल म्हणजे फक्त आळस. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय. याला बरेचदा पंख्यामागे दांड्याला गुंडाळलेला नायलॉनचा गळ-दोरा कारणीभूत असतो. तो फिरता फिरता ऑइल सील कापतो. नवं तेल खालून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही. मग आधी वरचा स्क्रू लावायचा आणि त्यानंतर खालची नळी काढून तिथला. उलट क्रम केला तर भरलेलं तेल भराभर वाहून जातं. स्क्रूचे वॉशर नवेच घालावेत. चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

झाकणाला हात लावल्यावर मशीन गरम लागलं, तर गिऱ्हाईक यायच्या आधीच ते सुरू करून ठेवलंय हे समजावं. थंड मशीन किती ओढींत सुरू होतं, हेच तर पाहायचं असतं. प्लग काढून दोन्ही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजावं. आकडा किती यापेक्षा दोघांतला फरक महत्त्वाचा. तो 10-15 टक्क्यांच्या पुढे गेला तर सौदा सोडलेला बरा.

सुरूच होत नसलेलं मशीन मात्र स्वस्तात मिळत असेल तर विचार करण्याजोगं, कारण दोष बहुधा कार्ब्युरेटरात असतो. महिनोन् महिने साचलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटच्या केसाएवढ्या भोकात बसतो. तो क्लीनरने आणि हवेच्या दाबाने काढावा. पोलादी तार घातली की भोक मोठं होतं आणि मिश्रणाचं गणित कायमचं बिघडतं. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं आणि जुन्या नळ्यांचं रबर खराब करतं. म्हणून पावसाळ्यात मशीन उभं करण्यापूर्वी इंधनाची नळी काढायची आणि कार्ब्युरेटरात उरलेलं जळून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यायचं. केरळात रॉकेलवर चालणारी मशीनं बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर घेतात, पुढच्या वेळी थंड मशीन रॉकेलवर उठत नाही म्हणून.

काही छोट्या मशीनच्या पंख्यात एक मऊ पिन असते. खडकाला आपटल्यावर ती तुटावी आणि गिअर वाचावा, यासाठीच ती कमकुवत बनवलेली असते. तिच्या जागी घरातला खिळा ठोकलेला आढळला, तर गिअर आतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पायावर लावलेला जस्ताचा तुकडा, म्हणजे ॲनोड, झिजलेला असणं चांगलं लक्षण: तो झिजला म्हणून ॲल्युमिनियमचा पाय शाबूत राहिला. हौसेने त्यालाही रंग फासणारे महाभाग भेटतात. रंगाखाली तो काहीच करू शकत नाही.

मशीन समुद्रात पडलं तर? बाहेर काढून उन्हात वाळवणं, ही सगळ्यांना सुचणारी गोष्ट सगळ्यात घातक. मीठ आणि हवा एकत्र आली की बेअरिंगवर काही तासांत गंज धरतो. खोलायला मिस्त्री मिळेपर्यंत ते गोड्या पाण्यात बुडवूनच ठेवावं. मग प्लग काढून, भोकं खाली करून, दोरी हळू ओढत पाणी बाहेर काढायचं, सिलिंडरात तेल सोडायचं, ताजं इंधन घालून सुरू करायचं आणि निदान अर्धा तास चालवायचं. दोरी मध्येच अडली तर जोर लावू नये. चालू असताना बुडालेल्या मशीनमध्ये पिस्टनवर पाणी अडून कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो, आणि तो वर्कशॉपमध्ये खोलूनच पाहावा लागतो.