डासाला कोषातच रोखणारे औषध

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडसारख्या उपनगरांत हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टीफन्सी हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी आणि बांधकामासाठी साठवलेले पाणी ही त्याची ठिकाणे. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावरील १९११ च्या अहवालात विहिरींवरच बोट ठेवले होते. हे पाणी माणसांच्या वापराचे असल्याने त्यात विषारी औषध ओतून चालत नाही. कीटकांच्या संप्रेरकांची नक्कल करणारी रसायने इथेच उपयोगी पडतात.

अळीच्या शरीरात बाल्य-संप्रेरक असेपर्यंत ती कात टाकून पुन्हा अळीच होते. ते ओसरले की कोष होतो आणि कोषातून डास बाहेर पडतो. नेमक्या त्या वेळी बाहेरून तसेच रसायन मिळाले, तर रूपांतर बिघडते.

कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्ये एका मोठ्या पतंगापासून या संप्रेरकाचा अर्क काढला. त्यानंतर जवळपास दशकभराने कारेल स्लामा यांनी प्रागहून हार्वर्डला नेलेले ढेकणाच्या गणातील कीटक प्रौढच होईनात. कारण निघाले भांड्यात ठेवलेल्या कागदात: तो ज्या अमेरिकी फर वृक्षापासून बनला होता, त्यातच संप्रेरकासारखे द्रव्य होते. मूळ संप्रेरक टिकाऊ नसल्याने रसायनशास्त्रज्ञांनी त्याचे टिकाऊ नमुने घडवले. १९७५ मध्ये अमेरिकेत नोंदणी झालेले मेथोप्रीन त्यांपैकी एक, पण तेही उन्हात लवकर विघटन पावते. नंतर जपानमध्ये विकसित झालेल्या पायरिप्रॉक्सिफेनची रचना मूळ संप्रेरकाहून अगदी वेगळी आहे, तरी परिणाम तोच आणि टिकाऊपणा जास्त. पिण्याच्या पाण्यात त्याची मात्रा लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

या औषधाची पारख मात्र वेगळ्या रीतीने करावी लागते. टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही अळ्या वळवळताना दिसतात, आणि पाहणाऱ्याला औषध वाया गेले असे वाटते. खरा परिणाम दिसतो तो पृष्ठभागावर तरंगणाऱ्या मेलेल्या कोषांत आणि कोषातून अर्धवट बाहेर येऊन अडकलेल्या डासांत. म्हणून मोजायचे ते किती डास उडाले; अळ्या किती उरल्या यावरून निष्कर्ष काढू नये.

शेतात बाल्य-संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या या रसायनांना मर्यादा आहे. पीक खाणारी अळी बाल्यावस्थेत आणखी रेंगाळली तर नुकसान वाढेल. म्हणून अशा अळ्यांसाठी कात टाकायला लावणाऱ्या दुसऱ्या संप्रेरकाची नक्कल करणारे मेथॉक्सीफेनोझाइड वापरतात. त्यामुळे अळी अकाली कात टाकू लागते, खाणे सोडते आणि मरते.

कीटक आपल्याच संप्रेरकाला प्रतिकार करू शकणार नाहीत, ही सुरुवातीची आशा फोल ठरली. इस्रायलमधील पांढऱ्या माशीत पायरिप्रॉक्सिफेनविरुद्ध प्रतिकार आढळला आहे. त्यामुळे मुंबईतही औषधे आलटून-पालटून वापरावी लागतील, आणि टाकीला घट्ट झाकण बसवणे हे प्रत्येक सोसायटीचे पहिले काम राहील.