रिकामी कबर आणि भ्यालेली माणसे

नाताळाचा सण जगभर अधिक गाजत असला, तरी ख्रिस्ती श्रद्धेचा आधार पुनरुत्थान, म्हणजे वधस्तंभावर मरण पावलेल्या येशूला देवाने तिसऱ्या दिवशी मेलेल्यांतून उठवले ही घोषणा, हाच आहे. येशूच्या जन्माची हकीकत मत्तय आणि लूक या दोनच शुभवर्तमानांत येते, रिकाम्या कबरीची मात्र चारही शुभवर्तमानांत येते. या घोषणेचे सर्वांत जुने सविस्तर विवेचन शुभवर्तमानांच्याही आधीचे असून, ते प्रेषित पौलाने इसवी सन ५३ ते ५५ च्या सुमारास ग्रीसमधील करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात सापडते. उठलेला येशू कोणाकोणाला दिसला त्यांची यादी तेथे पौल देतो आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश व तुमचा विश्वास दोन्ही व्यर्थ आहेत, असे निःसंदिग्धपणे बजावतो. आपल्या धर्माचा सगळा भार एकाच घटनेवर इतक्या उघडपणे टाकणारे विधान धर्मग्रंथांत क्वचितच आढळते.

भारतीय वाचकाच्या मनात येथे पुनर्जन्माची कल्पना सहज डोकावते, परंतु आत्म्याने एक देह टाकून दुसरा धारण करणे आणि तोच मनुष्य कायमचा मृत्यूपार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने उठवलेल्या लाजराप्रमाणे मेलेला माणूस काही काळ पुन्हा जगू लागणे हेही पुनरुत्थान नव्हे, कारण लाजर पुढे केव्हातरी मरणारच होता. लूकच्या वृत्तान्तात उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो आणि योहानाच्या वृत्तान्तात तो थोमा या शिष्याला आपल्या जखमा दाखवतो, पण त्याच वेळी तो बंद दारांआड प्रकट होतो आणि ओळखीच्या माणसांनाही चटकन ओळखू येत नाही. देह तोच, तरीही नाशाच्या नियमातून सुटलेला, अशी ही अवघड कल्पना आहे आणि पौलाने तिच्यासाठी बी आणि रोपाचा दाखला वापरला आहे. तिची मुळे यहुदी परंपरेत आहेत. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात अंतियोख चौथा या राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हा नियमशास्त्र पाळले म्हणून मारल्या गेलेल्यांना देव न्याय कसा देणार हा प्रश्न तीव्र झाला, आणि दानीएलाच्या ग्रंथात मातीत निजलेले पुष्कळ जण जागे होतील अशी आशा त्या काळात शब्दबद्ध झाली. येशूच्या काळी परुशी पंथ ती मानत असे, सदूकी पंथ नाकारत असे. म्हणजे या कल्पनेचा उगम मरणोत्तर सुखाच्या ओढीपेक्षा जुलूम करणाऱ्याचा शब्द अखेरचा ठरू नये या आग्रहात अधिक आहे.

या घोषणेने भय कसे जिंकले जाते, याचे उत्तर मात्र प्रवचनांतून सांगितले जाते तितके सोपे नाही, कारण पुनरुत्थानाचे सर्वांत जुने वृत्तान्त भयानेच भरलेले आहेत. चौथ्या शतकातील सायनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत मार्कचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी संपते आणि तेथे कबरीकडे आलेल्या स्त्रिया थरथर कापत पळून जातात व भीतीपोटी कोणालाही काही सांगत नाहीत. त्यापुढची वचने नंतर जोडली गेली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. योहानाच्या वृत्तान्तातही शिष्य भयाने दारे लावून बसलेले आहेत. खुद्द येशू अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत व्याकूळ होऊन दुःखाचा हा प्याला टळावा अशी प्रार्थना करतो. ऑस्कर कुलमन या अभ्यासकाने १९५५ साली हार्वर्ड येथील व्याख्यानात या प्रसंगाची तुलना सॉक्रेटिसाच्या मृत्यूशी केली होती: आत्मा अमर आहे या खात्रीने विषाचा पेला शांतपणे घेणाऱ्या सॉक्रेटिसाला मृत्यू मित्रासारखा वाटतो, तर येशूला तो देवाचा शत्रू वाटतो, आणि शत्रूचे भय वाटणे स्वाभाविक आहे. कुलमनने ग्रीक व यहुदी विचार अतिरेकी काटेकोरपणे वेगळे केले असा आक्षेप घेता येईल, तरी मूळ मुद्दा टिकतो. मृत्यू क्षुल्लक आहे असे ही श्रद्धा म्हणत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात म्हटल्याप्रमाणे माणसे मरणाच्या भयाने आयुष्यभर गुलाम होऊन राहतात, आणि ख्रिस्त त्यांना या गुलामीतून सोडवतो. भय उरले तरी त्याची मालकी संपते, असाच याचा अर्थ लावणे योग्य ठरेल.

ही मालकी कशी चालते आणि कशी सुटते, हे इसवी सन १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील ल्यों येथे झालेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या हकीकतीतून दिसते. तेथील मंडळ्यांचे पत्र युसेबियस या इतिहासकाराने जतन केले असून, त्यात ब्लांदिना या गुलाम स्त्रीचे आणि नव्वदी ओलांडलेल्या पोथिनस या बिशपचे धैर्य जसे नोंदवले आहे, तसेच सुमारे दहा जणांनी घाबरून श्रद्धा नाकारली हेही लपवलेले नाही. मारल्या गेलेल्यांचे मृतदेह सहा दिवस उघड्यावर ठेवून नंतर जाळण्यात आले आणि राख ऱ्होन नदीत लोटण्यात आली, कारण ज्या पुनरुत्थानाच्या आशेवर हे लोक मरणाला सामोरे जातात ती आशाच नष्ट करावी, असा छळकर्त्यांचा हेतू असल्याचे पत्र सांगते. छळकर्त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता: मरणाची धमकी निरुपयोगी झाली तर सत्तेच्या हाती फारसे काही उरत नाही. मात्र अवशेष शाबूत राहण्यावर ती आशा अवलंबून आहे, असे त्यांनी चुकीने धरले होते.

तिसऱ्या शतकातील कार्थेज येथील बिशप सिप्रियन याचे चरित्र याहून गुंतागुंतीचे आहे. सम्राट डेसियसने २५० साली सर्वांना रोमन देवतांना बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला, तेव्हा सिप्रियन लपून राहिला व त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. पुढे साथीच्या रोगाने शहर हादरले असताना, ख्रिस्ती माणसेही इतरांसारखीच का मरतात या अनुयायांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने मृत्यूवर एक निबंध लिहिला, आणि २५८ साली त्याचा शिरच्छेद झाला, तेव्हा तो पळाला नाही. २५० च्या छळात श्रद्धा नाकारलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न त्या छळानंतर लगेच मंडळीसमोर उभा राहिला होता. रोममधील नोव्हेशियन या धर्मगुरूच्या मते अशांना पुन्हा सहभागी करून घेण्याचा अधिकार मंडळीला नव्हता. कार्थेजच्या परिषदेने २५१ साली प्रायश्चित्तानंतर, प्रत्येकाची परिस्थिती पाहून, परत घेण्याचा मार्ग स्वीकारला. येशूला तीनदा नाकारणाऱ्या पेत्र या शिष्यालाच योहानाच्या शेवटच्या अध्यायात उठलेला ख्रिस्त मेंढरे सांभाळायला सांगतो, हे ध्यानात घेतले तर परिषदेचा निर्णय त्या वृत्तान्ताशी अधिक सुसंगत वाटतो. नोव्हेशियनचे अनुयायी मात्र वेगळे झाले आणि त्यांची स्वतंत्र मंडळी पुढे काही शतके टिकली.