काँक्रीटचा ठोकळा काय सांगतो?

मातीपरीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे आम्ही कृषी खात्याची माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाशेजारची माती घेऊ नये. नागमोडी फिरून शेतभरची घ्यावी, मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करत शेवटी अर्धा किलो ठेवावी. आता गावोगाव सिमेंटची कामे होतात. कुणाचे घर, कुठे शाळेची खोली, कुठे नाल्यावरचा बंधारा. त्या काँक्रीटचीही प्रयोगशाळेत परीक्षा होते आणि तिथेही सारी मदार नमुन्यावरच असते.

अशा प्रयोगशाळा सरकारी आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, खासगीही आहेत. १९५९ साली स्थापन झालेली नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘मेरी’, ही त्यांतली जुनी.

स्लॅब ओतताना त्याच मालातून १५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचे लोखंडी साचे भरतात. माल तीन थरांत घालून दर थराला सळईने ३५ ठोसे देतात. दुसऱ्या दिवशी साचा खोलून ठोकळा पाण्यात बुडवतात. हाच ‘क्यूब’; वजन आठ किलोच्या आसपास. २८ व्या दिवशी तो ओलाच यंत्राखाली ठेवून फुटेपर्यंत दाबतात. एम-२० प्रतीच्या काँक्रीटला दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद लागते, म्हणजे एका ठोकळ्यावर सुमारे ४६ टन. उसाच्या बैलगाडीत दीड-दोन टन धरले, तर पंचवीस-तीस गाड्यांचा हा भार झाला! सातव्या दिवशी साधारण दोन-तृतीयांश ताकद येते. राखमिश्रित सिमेंट मात्र थोडे सावकाश चढते.

यंत्र पाहून आपण दबतो, पण प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे खरे काम नोंदवहीत असते. ठोकळा आला की त्यावरची तारीख पाहायची, त्याला क्रमांक द्यायचा. चांगल्या ठिकाणी यंत्रावरच्या माणसाला फक्त क्रमांक दिसतो, ठेकेदाराचे नाव नाही. हौदातल्या पाण्याचे तापमान २७ अंशांच्या आसपास राखायचे. यंत्र बरोबर भार दाखवते की नाही, हे ठरलेल्या मुदतीत बाहेरच्या अधिकृत माणसाकडून पडताळून घ्यायचे. २८ वा दिवस दिवाळीत आला तरी कुणीतरी येऊन ठोकळा फोडलाच पाहिजे. तीन ठोकळ्यांची सरासरी काढतात. त्यांतला एखादा सरासरीपेक्षा शेकडा १५ हून अधिक कमी-जास्त निघाला, तर तो नमुनाच धरत नाहीत. प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता असली तर चांगलेच, मात्र ती ठरावीक चाचण्यांपुरती असते. आपली चाचणी तीत आहे ना, हे विचारावे.

एवढे सगळे चोख असूनही फसगत होते ती गावातच. क्यूबसाठी म्हणून दोन घमेली सिमेंट जास्त घालून वेगळा माल कालवतात. प्रयोगशाळा बिचारी काय करणार? हाती आले ते तिने फोडले, आकडा खरा दिला. म्हणून साचे भरताना घरचे किंवा ग्रामपंचायतीचे माणूस उभे असावे आणि माल ओतण्याच्या जागेवरूनच घ्यावा. ठोकळा कडक होताच त्यावर तारीख आणि कामाची खूण पक्क्या रंगाने घालावी, पोचवताना ओल्या गोणपाटात गुंडाळावा.

आणखी एक. ठोकळा हौदात आरामात भिजतो, स्लॅब वैशाखाच्या उन्हात तापते. क्यूब पास झाला म्हणजे माल चांगला होता, इतकेच कळते. पाणी मारायचे ते मारावेच लागते. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रिताला १०. उन्हाळ्यात साध्यालाही १० आणि राखमिश्रिताला १४ दिवस द्यावेत. आमच्याकडे पिकाला पाणी चुकत नाही, स्लॅबला मात्र चौथ्या दिवशीच चुकते.

अहवाल नापास आला तर लगेच पाडापाडी करू नये. अभियंत्याच्या सल्ल्याने प्रत्यक्ष बांधकामातून किमान तीन गोल नळकांडी कापून काढतात आणि तपासतात. त्यांची सरासरी ताकद ठरलेल्या प्रतीच्या शेकडा ८५ आणि कोणतेही एक ७५ च्या खाली नसेल, तर काँक्रीट स्वीकारता येते. कापताना सळई तुटू देऊ नये, आणि पडलेली भोके त्याच आठवड्यात चांगल्या मालाने बुजवून घ्यावीत.