भोक पडतं, पण चकती निघत नाही!

मेसमधला स्टीलचे ग्लास पालथे ठेवायचा लाकडी रॅक तुम्ही रोज बघता. १८ मि.मी. जाडीच्या दोन प्लायवूडच्या फळ्या, प्रत्येकीला २४ भोकं, प्रत्येक भोक ६४ मि.मी. म्हणजे एकूण ४८ भोकं. ती पाडायला फार वेळ लागला नाही. एका भोकाला साधारण एक मिनिट. पण प्रत्येक भोकानंतर होल सॉच्या पोटात अडकून बसलेली लाकडाची गोल चकती बाहेर काढायला चार-पाच मिनिटं! हा लेख त्या चकतीबद्दल आहे. (मराठीत तिला काय म्हणायचं हे मला माहीत नव्हतं. मी 'प्लग' म्हणत होते. वर्कशॉपमधले मामा 'चकती' म्हणतात, आणि फारच वैतागले की 'बिस्कीट'. मी चकतीच लिहिते.)

ज्यांनी होल सॉ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीलची एक वाटी समजा, तिच्या काठाला करवतीचे दात. वाटीच्या मधोमध एक साधं ड्रिल, त्याला पायलट म्हणतात. आधी पायलट लाकडात शिरतं आणि केंद्र पक्कं करतं, मग वाटीचे दात गोल फिरत खोबणी पाडतात. वाटी आणि पायलट ज्या दांड्यावर बसतात तो आर्बर, आणि आर्बर ड्रिल मशीनच्या चकमध्ये. साधं गिरमिट भोकातलं सगळं लाकूड भुसा करून बाहेर काढतं. होल सॉ फक्त कडेचं वर्तुळ कापतो, म्हणून तर एवढ्याशा मशीनवर एवढं मोठं भोक पडतं. पण मधलं न कापलेलं लाकूड जाणार कुठे? वाटीत!

आता ती अडकते का? पहिल्यांदा मला वाटलं, उष्णतेमुळे. वाटी कापताना गरम होते, नंतर गार होऊन आकुंचन पावते आणि चकतीला आवळते. मामांचंही तेच मत. मी हिशेब करून पाहिला. वाटीचा आतला व्यास साधारण ६१ मि.मी., तापमान १०० अंशांनी वाढलं असं धरलं, तर स्टीलचा व्यास वाढतो सुमारे ०.०७ मि.मी. आणि दातांना दोन्ही बाजूंना थोडा बाक दिलेला असल्यामुळे चकती मुळातच वाटीपेक्षा जवळजवळ १ मि.मी. लहान कापली जाते. म्हणजे मोकळी जागा आहे १ मि.मी. आणि आकुंचन ०.०७! निव्वळ उष्णतेने चकती अडकायलाच नको.

खरा गुन्हेगार भुसा. त्या १ मि.मी. फटीत बारीक भुसा ठासून भरतो, प्लायमधला गोंद गरम होऊन त्यात भर घालतो, आणि चकतीभोवती जणू पॅकिंग तयार होतं. अशी फट एकदा गच्च भरली की मग मात्र ०.०७ मि.मी. सुद्धा जाणवतं. त्यामुळे मामांचं 'गरम आहे तोवर काढ' हे बरोबरच आहे, फक्त माझ्या कारणाने नाही. (गरम चकतीला बोट लावून पाहा, मग गार होईपर्यंत थांबावंसं वाटेल.)

दुसरं कारण भूमितीचं आहे आणि ते मला जास्त आवडलं. जुन्या लाकडी टेबलाचा ड्रॉवर एकाच बाजूने ओढला की काय होतं? तिरका होऊन बसतो. चकतीचंही तेच. ६० मि.मी. व्यासाची, १८ मि.मी. जाडीची चकती. तिचा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण काढा, पायथागोरसने. ६२.६ मि.मी. येतो. वाटी आतून ६१! म्हणजे एका बाजूने ढकलली की चकती जेमतेम साडेतीन अंश तिरकी होते, ती बाजू साडेतीन-चार मि.मी. पुढे सरकते, आणि मग दोन्ही कोपरे भिंतीत रुततात. त्यापुढे जितका जोर लावाल तितकी ती घट्ट. शिवाय मधून पायलट ड्रिल गेलेलं असतं, ते वेगळंच धरून ठेवतं. म्हणजे चकती काढायची तर दोनच मार्ग: एक तर ती सरळ ढकलायची, नाहीतर समोरासमोरच्या दोन बाजूंनी आळीपाळीने थोडी थोडी.

आमच्याकडचा होल सॉ जुना होता. त्याच्या भिंतीत तळाजवळ दोन छोटी गोल भोकं. त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून चकतीला मागून रेटायचं. पण वाटीची खोली ४० मि.मी., चकती तोंडाशी १८ मि.मी. म्हणजे तळ आणि चकती यांत २२ मि.मी. पोकळी. टेकू तिथे लांब मागे, आणि ढकलायचं इथे पुढे. स्क्रू ड्रायव्हर तिरका जातो, टोक घसरतं, आणि चकती जितकी पुढे सरकेल तितका कोन वाईट होत जातो. तरफ शिकताना टेकूची जागा किती महत्त्वाची असते हे सातवीतच वाचलं होतं. पण तिथे कधी टेकू हलवायचाच नाही असं कोणी म्हटलं नव्हतं.

नव्या होल सॉमध्ये नेमकं हेच सुधारलं आहे. गोल भोकांच्या जागी भिंतीत लांब, तिरक्या किंवा पायऱ्यांसारख्या खाचा. लेनॉक्स कंपनीचा 'स्पीड स्लॉट' हे यातलं माहितीतलं उदाहरण. खाचेची प्रत्येक पायरी म्हणजे एक टेकू. चकती जाड असेल तर आतली पायरी वापरा, पातळ असेल तर दातांजवळची. चकती पुढे सरकली की स्क्रू ड्रायव्हर पुढच्या पायरीवर आणायचा. खाचा समोरासमोर असतात, त्यामुळे आळीपाळीने रेटता येतं आणि ड्रॉवरसारखी चकती बसत नाही. वर भुसा बाहेर पडायलाही वाट मिळते.

मग खाच अजून लांब, अगदी दातांपर्यंत का नाही नेत? हा प्रश्न मी व्हायवाला विचारला असता तर सरांनी मलाच उलट विचारला असता, म्हणून आधीच उत्तर काढलं. पातळ भिंतीची बंद नळी पिळाला फार ताठ असते. तीच नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चिरली, तर ताठपणा कमी होतो तो किती? स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सूत्राने गुणोत्तर येतं त्रिज्या भागिले जाडी, त्याचा वर्ग, गुणिले ३. त्रिज्या २५ आणि भिंत १.२५ मि.मी. धरली तर २० चा वर्ग ४००, गुणिले ३, म्हणजे १२०० पट कमी! म्हणून खाच कितीही लांब केली तरी दातांजवळ आणि तळाजवळ पूर्ण अखंड कडं ठेवावंच लागतं. चकती सहज निघावी आणि वाटी पिळवटू नये, या दोन मागण्यांची ती तडजोड आहे.

चकती सरळ ढकलणाऱ्या रचनाही आहेत. एकीत पायलटभोवती स्प्रिंग असतं. कापताना ते दाबलं जातं आणि भोक पडलं की चकती बाहेर फेकतं. पातळ पत्र्याला, उदाहरणार्थ कंट्रोल पॅनेलच्या दाराला पुश बटणासाठी २२.५ मि.मी. भोक पाडताना, हे छान चालतं. जाड प्लायमध्ये मात्र स्प्रिंगचा जोर भुशापुढे कमी पडतो आणि कापताना ते आपल्यालाच मागे ढकलत राहतं. दुसरी रचना क्विक-रिलीज आर्बरची. बटण दाबलं की वाटीच मागे सरकते आणि चकती पायलटवर उघडी राहते, पकडीने ओढून घ्यायची. मला ही सगळ्यात शहाणी वाटते. चकती हलवण्याऐवजी वाटी हलवायची!

पुलांच्या आणि शेडच्या कामात जाड स्टीलला भोकं पाडणारा ॲन्युलर कटर याच घराण्यातला. त्याच्या मधोमध ड्रिल नसून सरकणारी पिन असते. ती केंद्र दाखवते, आत दाबली गेली की कूलंटला वाट करून देते, आणि शेवटी मागच्या स्प्रिंगच्या जोरावर पोलादाची चकती खाली पाडते. उंचावर काम चालू असेल तर खाली कोणी उभं राहायचं नाही ते यासाठी.

आणि घराणं जुनं आहे बरं का. कवटीला भोक पाडायचं ट्रिफाइन हे शल्यकर्माचं हत्यार म्हणजे होल सॉच. हिप्पोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डोक्याच्या जखमांवरच्या ग्रीक ग्रंथात सूचना आहे, की हत्यार मधूनमधून बाहेर काढून गार पाण्यात बुडवावं, नाहीतर हाड तापतं. आम्ही आमचं मधूनमधून बाहेर काढत नव्हतो. घाई होती.

एकतिसाव्या भोकाची चकती निघेना. ड्रिल माझ्या हातात होतं. मामांनी वाटीच्या भोकातून पेचकस घातला, डाव्या हाताने वाटी धरली, आणि मला म्हणाले, 'घट्ट धर गं पोरी.' मी घट्ट धरायला पकड बदलली आणि माझं बोट खटक्यावर पडलं. वाटी अर्धा फेरा फिरली असेल, जास्त नाही. पेचकस पिळला गेला आणि मामांचा अंगठा दातांखाली. सहा टाके.

रजिस्टरमध्ये कारण लिहिलं गेलं, 'चकती अडकल्यामुळे अपघात'. मामांनीच तसं सांगितलं. मी शेजारी उभी होते आणि काही बोलले नाही. चकती अडकली होती हे खरं आहे. प्लग सॉकेटमध्ये होता आणि बोट माझं होतं हेही खरं आहे.

पुढच्या आठवड्यात उरलेली १७ भोकं पाडायला मामा पट्टी बांधलेल्या हाताने स्वतः आले. नवा होल सॉ घ्यायला पैसे नव्हते, पण तोपर्यंत मी थोडं वाचलं होतं. आम्ही आधी कापायच्या वर्तुळाला आतून लागून ८ मि.मी.चं एक भोक पाडलं, म्हणजे भुसा तिथून खाली पडतो. एका बाजूने १२ मि.मी. कापलं, पायलट पलीकडे निघालं, फळी उलटी केली आणि त्याच भोकात पायलट घालून उरलेलं ६ मि.मी. कापलं. चकतीचा फक्त एक तृतीयांश भाग वाटीत राहतो, बाकीचा बाहेर. हातानेच निघते. भोकाची कडही दोन्ही बाजूंना स्वच्छ येते, प्लायचे ढलपे उडत नाहीत.

दोन चकत्या तरीही अडकल्याच, कारण फळी उलटायला मी विसरले. तिथे मामांनी युक्ती केली. ५० मि.मी.चे दोन लाकडी स्क्रू समोरासमोर चकतीत पिळले. टोकं वाटीच्या तळाला टेकली, आणि मग एकाला अर्धा आटा, दुसऱ्याला अर्धा आटा, असं करत चकती स्क्रूवरून स्वतःच वर चढत बाहेर आली. गाडीच्या जॅकसारखी, अगदी सरळ. वाटी आर्बरवरून उतरवूनही चकती काढता येते, पण ३२ मि.मी.पासून वरच्या वाट्यांना दोन ड्राइव्ह पिनांचा आर्बर लागतो. आमच्याच्या पिना कधीच हरवल्या होत्या, त्यामुळे कापताना आटे इतके आवळले गेले होते की पान्यानेही हलेनात.

सगळ्या ४८ चकत्या मी ठेवून घेतल्या आहेत. मधोमध पायलटचं भोक असलेल्या, चहाचा कप ठेवायला बऱ्या. कोणाला हव्या असतील तर आमच्या मजल्यावरून घेऊन जा. आणि शेवटच्या १७ भोकांच्या वेळी ड्रिलचा प्लग दर वेळी सॉकेटबाहेर असायचा. चकतीला हात लावण्याआधी मामा वायर ओढून घ्यायचे आणि प्लग स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचे.