चेष्टा

परळच्या आचार्य दोंदे मार्गाच्या परिसरात हाकेच्या अंतरावर तीन मोठी रुग्णालये उभी आहेत : १९२६ साली सुरू झालेले के. ई. एम., १९२९ सालचे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि १९४१ साली उघडलेले टाटा मेमोरियल. आफ्रिकेतील एखाद्या दुर्गम खेड्यात जाऊन आरोग्यसेवा करणाऱ्या तरुणांच्या हकिकती आपण कौतुकाने वाचतो. परकी भाषा, परके अन्न, औषधाच्या रांगेत ताटकळणारी माणसे आणि त्यांच्यात हळूहळू रुळत जाणारा स्वयंसेवक. तसेच एक खेडे परळच्या पदपथावर रोज पहाटे वसते. बिहार, बंगाल, आसामातून आलेली आणि आपल्या बीड-सोलापूरकडूनही आलेली कुटुंबे हातात फाइल व काखेत वळकटी घेऊन तेथे बसलेली असतात. गिरगावातून तेथे पोहोचायला अर्धा तास पुरतो, पारपत्र लागत नाही.

आपल्या समाजाला हा रस्ता नवा नाही. हरखचंद सावला यांनी १९८०च्या दशकात टाटा रुग्णालयाबाहेरील कर्करुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी अन्नसेवा सुरू केली आणि पुढे तिला औषधांची व मुलांच्या खेळण्यांची जोड दिली. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना निवारा देते. ही कामे बहुतेक घरांना ठाऊक आहेत, म्हणून येथे थोडे निराळ्या विषयावर लिहितो. विषय आहे रुग्णांच्या सहवासातील हसण्याचा.

आमच्या सेवागटातील एक भगिनी अस्सल गिरगावकर, शिक्षण मराठी शाळेत झालेले. मुर्शिदाबादकडच्या एका गृहस्थांची त्या विचारपूस करीत होत्या. ते समाधानाने म्हणाले, "डाक्टरबाबू अनेक चेष्टा कोरछेन." भगिनींचा चेहरा लाल झाला. एवढ्या आजारी माणसाची डॉक्टर चेष्टा करतात, आणि तीही अनेक वेळा! त्या जाब विचारायला तडक सिस्टरांच्या टेबलाकडे निघाल्या. शेजारच्या खाटेवरील आसामी तरुणाने त्यांना थांबवून खुलासा केला की, बंगालीत आणि आसामीतही चेष्टा म्हणजे प्रयत्न. डॉक्टर फार खटपट करीत आहेत, एवढेच त्या गृहस्थांना सांगायचे होते. शब्द एकाच संस्कृत घरातला. एका भाषेत तो कष्टाला लागला, दुसरीत टिंगलीला. त्यानंतर भगिनी दिसल्या की ते गृहस्थ उशीवरून मान उचलून विचारीत, "दीदी, आज चेष्टा कोरबेन?" आणि अख्खा वॉर्ड हसे. पाणीदेखील ही मंडळी 'खातात', हे आम्हांला त्यांनीच शिकवले. समस्तीपूरच्या एका बापाने "बेटे की शिक्षा छूट गई" असे सांगताच आमच्यातील एका काकांनी "चला, सुटला बिचारा" म्हणून मोकळा श्वास सोडला होता. हिंदीतील शिक्षा म्हणजे शिक्षण, हे त्यांना त्या बापाने समजावून दिले. समजावताना तोही पुष्कळ दिवसांनी हसला.

महिनोन्‌महिने रुग्ण फक्त घेत असतो. रक्त घेतो, औषध घेतो, उपदेश घेतो, आम्ही नेलेली केळी घेतो. आपल्या अज्ञानाला तो हसतो आणि आपल्याला शब्दाचा अर्थ सांगतो, त्या दोन मिनिटांत मात्र देणारा तो असतो आणि घेणारे आपण.

शास्त्र जाणणाऱ्या वाचकांच्या मनात येथे शंका येईल. आभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांत वैयावृत्त्याची, म्हणजे रुग्ण व थकलेल्या साधुजनांच्या सेवेची, गणना आहे, हे खरे. निर्विचिकित्सा अंगासाठी उद्दायन राजाची कथाही आपण लहानपणापासून ऐकतो. रोगी मुनीचा वेष घेतलेल्या देवाने अंगावर वमन केले तरी ज्याला किळस आली नाही, तो हा राजा. परंतु नऊ नोकषायांत शोक, भय आणि जुगुप्सा यांच्याच पंक्तीला हास्यही बसलेले आहे. मग रुग्णाच्या उशाशी बसून हसावे काय? अधिकारी मंडळींनी क्षमा करावी. माझा अनुभव इतकाच की, दुसऱ्याला हसताना मान वाढतो, आणि आपण हसण्याचा विषय झालो की तो थोडा तरी झडतो. दात्याच्या अंगी तो किती चिकटून असतो, हे देणगीफलकांवरच्या नावांचे आकार पाहिले की कळते.

शास्त्रकारांनी हास्याकडे सावधपणे पाहिले त्याला व्यवहारातही आधार सापडतो. आपले कितीतरी बांधव एकेकाळी पूर्व आफ्रिकेत दुकाने थाटून होते. त्यांच्या घरांत टांगानिकाचे नाव अजून निघते. तेथे बुकोबाजवळच्या काशाशा गावातील मुलींच्या वसतिशाळेत जानेवारी १९६२ मध्ये तीन मुली अकारण हसू लागल्या. ते हसणे पसरत १५९ पैकी ९५ मुलींना लागले आणि मार्चमध्ये शाळा बंद करावी लागली. कोणालाही आनंद झालेला नव्हता. मनावरच्या ताणातून उद्भवलेला सामूहिक विकार, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. आपल्या मुंबईतही १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन अंधेरीच्या उद्यानात हास्यक्लब सुरू केला. आरंभी रोज विनोद सांगत. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले आणि कुणाला ना कुणाला बोचणारे उरले. तेव्हा डॉक्टरांनी विनोद बंद करून नुसते हसणे ठेवले. वॉर्डात मला तेही जमलेले दिसत नाही. तपासणीच्या अहवालाची वाट पाहणाऱ्या आईजवळ गप्प बसावे, हेच उत्तम.

आमचा धंदा डाळींचा. पेढी दाणाबंदरातून वाशीला गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. बीडकडच्या एका आजींच्या हातात आहारतज्ज्ञांच्या संमतीने आणलेली केळी ठेवली, तेव्हा त्यांनी विचारले,

"शेठ, धंदा कशाचा म्हनायचा?"

"डाळींचा."

"मंग तूर घेत असाल."

"घेतो ना, आजी."

"आमची तूर घेताना क्विंटलामागं भाव पाडता, आन् हितं केळी फुकट वाटता. ह्यो हिशेब काय मला जुळंना बगा."

सिस्टर हसल्या, शेजारणी हसल्या, मीही हसलो. कानांच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. आजींनी मला स्टुलावर बसवून अडत, हमाली, तोलाई, कडता असा एकेक वजावटीचा पाढा म्हटला. चाळीस वर्षे मी तो पाढा बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणत आलो आहे. अर्धा तास त्या आपले दुखणे विसरल्या असाव्यात, कारण भांडायला समोर खराखुरा व्यापारी मिळाला होता. केळी त्यांनी ठेवून घेतली आणि त्यांतली दोन शेजारणीला दिली. पावती मागितली नाहीत ना, एवढे तेवढ्यात विचारून घेतले.

बालविभागातील माझा भागीदार दहा वर्षांचा आहे. आम्ही 'व्यापार' खेळतो. त्याच्यापुढे हरण्याचे नाटक मला करावे लागत नाही. मुंबई त्याची, दिल्ली त्याची, आणि मी कफल्लक झालो की तो दरमहा दोन टक्क्यांनी कर्ज देतो. जामीन म्हणून एकदा माझा चष्मा ठेवून घेतला होता. मध्यंतरी एका आठवड्यात त्याच्या पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप आला, भेट बंद झाली. काचेच्या दारापलीकडून त्याने खेळातल्या नोटांची गड्डी हलवून दाखवली, म्हणजे येणे बाकी आहे. घरी परतताना लालबागच्या पुलावर वाहतूक तुंबली होती. त्या दिवशी मला तिची घाई नव्हती.

येऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. साधी सर्दी असली तरी त्या आठवड्यात घरी राहावे. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला ती महागात पडते. मिठाईचे पुडे नेऊ नयेत, छायाचित्रे काढू नयेत, आणि कुणा नातलगाला लागू पडलेला काढा तर मुळीच सुचवू नये. अर्ज भरून देणे, खिडकी दाखवणे, रांगेतील आईच्या मुलाला तासभर सांभाळणे, एवढ्यावर पुष्कळ भागते. तरुणांनी प्लेटलेट्स द्याव्यात. हा पाच दिवसांत नासणारा माल आहे, साठा करून चालत नाही, रोज नवी आवक लागते. दाता ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो. आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून २४ वेळा, अशी मर्यादा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत रक्तपेढ्यांना चणचण भासते, नेमके तेव्हा आपण महाबळेश्वरला असतो.

आणखी एक निकड आहे. आमच्या गटात बंगाली जाणणारे कोणी नाही. कलकत्त्याच्या बाजारात उमेदीची वर्षे काढलेले आपल्यातील कितीतरी ज्येष्ठ आता दादरला, लालबागला नातवंडांना शाळेत पोहोचवून दिवसभर घरी बसलेले असतात. त्यांचे बंगाली परळला हवे आहे, दुपारी दोन ते पाच.