कलावंताच्या हातीं पैसा पोहोंचतो कसा ?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यानें फाल्गुनाच्या अखेरीस आपण गेलां, तर नारायणगांवापाशीं कापडी राहुट्यांची एक रांग आपल्या दृष्टीस पडेल. प्रत्येक राहुटीवर एकेका तमाशाच्या फडाचें नांव रंगविलेलें असतें. आंत एक टेबल, दोन-चार खुर्च्या आणि वहींत तारखा मांडून बसलेला फडाचा व्यवस्थापक. गुढीपाडव्याच्या आधींच्या या दिवसांत गांवोगांवचे पंच येथें येतात, राहुट्याराहुट्यांतून हिंडतात, भाव करतात आणि आपल्या गांवच्या जत्रेची सुपारी देऊन परततात. जुन्नर तालुक्यांतील या गांवाला तमाशाची पंढरी म्हणतात तें एवढ्यासाठीं.

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतल्या शाळांत माझी सारी नोकरी गेली. कलेविषयीं बोलण्याचा अधिकार मला नाहीं. मी मॅट्रिक झालेला एक साधा शिक्षक. परंतु हिशेब शिकविणें हा माझा धंदा होता, आणि आज आपणांस सांगावयाचें आहे तें हिशेबाचेंच आहे.

प्रसंग असा घडला. याच माघ महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो एका फडांत ढोलकी वाजवितो, गवळण गातो, आणि स्वतः चार ओळी जुळवितोहि. खिशांतून एक छापील कागद काढून तो म्हणाला, "गुरुजी, एवढं वाचून सांगा. सही करूं का ?" गाण्यांचें ध्वनिमुद्रण करून विकणाऱ्या एका कंपनीचा तो कागद होता. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. बारा गाण्यांबद्दल पंधरा हजार रुपये रोख, आणि त्या गाण्यांवरील सर्व हक्क कायमचे, साऱ्या जगापुरते, कंपनीचे. मीं त्याला दुसऱ्या दिवशीं ये म्हणून सांगितलें आणि रात्रीं चष्मा लावून बसलों.

कलावंताकडे आजवर पैसा कोणत्या वाटेनें येत आला, हें आधीं पाहिलें पाहिजे. जत्रेची सुपारी ही मुख्य वाट. हा पैसा गांवच्या वर्गणींतून उभा राहतो, आणि आमच्या बाजूला ही वर्गणी पुष्कळशी मुंबईहून येते. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच डोंगराळ पट्ट्यांतले, खेड, आंबेगांव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतले. गांवच्या जत्रांसाठीं ते दरवर्षीं कांहीं दिवस काम बंद ठेवून घरीं येतात. मुंबईकर श्रोत्यांना हें त्या दिवसांत डबा न आल्यामुळें ठाऊक असेलच. तेव्हां तमाशाचा खरा आश्रयदाता हा डबेवाला, भाजीवाला आणि हमाल. पण त्यानें दिलेले शंभर रुपये ढोलकीवाल्यापर्यंत जातांना किती हात बदलतात पहा. पंच ते गोळा करतात. मध्यस्थ असला तर तो आपली दलाली काढून घेतो. फडाचा मालक त्यांतून गाड्यांचें डिझेल, तंबू, विजेचें जनित्र, शंभराच्या घरांतल्या माणसांचें जेवण आणि सावकाराचें व्याज भागवितो. आणि उरेल त्यांतून कलावंताचा पगार. तो पगारहि बहुधा त्यानें आधींच खाल्लेला असतो. पावसाळ्यांत फड बंद असतात, तेव्हां चूल पेटती राहावी म्हणून त्यानें मालकाकडून उचल घेतलेली असते. मालक दुष्ट असतो असें माझें म्हणणें नाहीं. तोहि बिचारा दुसऱ्या कोणाच्या उचलीवर उभा असतो. दसऱ्यानंतर तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात, त्यांचाहि हिशेब याहून फारसा वेगळा नाहीं.

थेट चाहत्याकडून कलावंताला मिळणारा पैसा म्हणजे दौलतजादा. एखाद्या लावणीवर खूष होऊन प्रेक्षकानें नोट पुढें करावयाची, आणि फडानें त्याचें नांव पुकारावयाचें. हा पैसाहि पुष्कळदां वांटला जाई. शिवाय देणाऱ्याचा तोरा आणि घेणारीची खालीं गेलेली मान मीं लहानपणीं पाहिली आहे, व ती मला कधीं विसरतां आलेली नाहीं. कीर्तनांतल्या आरतीच्या ताटांत पडलेला रुपया कोणाचा, हें कोणी पुकारीत नाहीं.

नारायणगांवच्या विठाबाई भाऊ मांग यांचें नांव आपण सर्व जाणतां. १९३५ सालीं जन्मलेल्या या कलावतीला १९५७ व १९९० सालीं राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. आज महाराष्ट्र शासन त्यांच्या नांवानें तमाशा-कलावंतांना पुरस्कार देतें. परंतु २००२ च्या जानेवारींत त्या वारल्या, तेव्हां रुग्णालयाचें बिल देणगीदारांच्या पैशांतून भागवावें लागलें. देणारे होते, हें त्यावरून सिद्धच होतें. बाई गात होत्या त्या काळीं तोच पैसा त्यांच्या हातांत नेऊन पोहोंचविणारी वाट मात्र नव्हती.

पुढें २०२० सालीं गुढीपाडवा २५ मार्चला आला. टाळेबंदीचा पहिला दिवस तोच. ठरलेल्या सुपाऱ्या बुडाल्या. पुढच्या वर्षींहि साथीमुळें जत्रा भरल्या नाहींत. उचल तेवढी होती तशीच राहिली. याच काळांत आमच्याकडच्या कांहीं गाणाऱ्यांनीं मोबाइल भिंतीला टेकवून ओटीवरूनच गावयास आरंभ केला, आणि माझा विद्यार्थी त्यांतलाच एक.

ही नवी वाट कशी चालते तें सांगतों. यूट्यूबवर कलावंतानें आपल्या नांवाचें चॅनेल उघडावयाचें. त्याचे सबस्क्रायबर १००० झाले आणि मागील बारा महिन्यांत लोकांनीं तें मिळून ४००० तास पाहिलें, कीं जाहिरातींच्या उत्पन्नांत वांटा मागतां येतो. लांब चित्रफितींवर तो शेंकडा ५५ आहे. सबस्क्रायबर म्हणजे वर्गणीदार असें शब्दकोशांत आढळेल, पण हा वर्गणीदार दमडीहि देत नाहीं, नुसतें नांव नोंदवितो. पैसे देणारा निराळा. गाणें थेट चालूं असतां ऐकणारा तेथल्या तेथें रक्कम पाठवूं शकतो. याला सुपर चॅट म्हणतात. देणाऱ्याचें नांव रंगीत पट्टींत झळकतें, आणि मोठ्या रकमेचें नांव अधिक वेळ वर टिकतें. हा दौलतजादाच कीं ! फरक इतकाच कीं येथें नोट घेण्यासाठीं कोणाला पुढें वांकावें लागत नाहीं. त्या रकमेंतले शेंकडा ७० कलावंताचे. दरमहा ठराविक रक्कम देणारे सभासदहि करतां येतात, आणि त्यांतहि वांटणी तीच. सर्वांत साधी वाट यु.पी.आय.ची. २०१६ सालीं ही पद्धति सुरू झाली, आणि आज मंचरच्या बाजारांतली कोथिंबीरवालीहि तो काळा-पांढरा चौकोन टोपलीला लावून बसते. गाण्याच्या चित्रांत तोच चौकोन ठेवला, कीं ऐकणाऱ्याचे शंभर रुपये शंभरच्या शंभर कलावंताच्या खात्यांत.

परदेशांत हे प्रयोग आधीं झाले. रेडिओहेड या इंग्लंडांतील प्रसिद्ध वाद्यवृंदानें २००७ च्या ऑक्टोबरांत आपला नवा गीतसंग्रह प्रसिद्ध केला आणि किंमत ऐकणाऱ्यानेंच ठरवावी असें जाहीर केलें. पुढल्या वर्षीं केविन केली या अमेरिकन लेखकानें हिशेब मांडला, कीं वर्षाला १०० डॉलर खर्च करणारे एक हजार निष्ठावंत चाहते असले तर कलावंताचें पोट भरतें. तो हिशेब अमेरिकेचा. आपण जुन्नरचा करूं. ५०० माणसांनीं दरमहा २० रुपये दिले, तर १०,००० होतात. सभासदत्वाच्या वाटेनें त्यांतले ७,००० हातीं येतात, यु.पी.आय.नें पुरे दहा हजार. एवढीं माणसें तर मध्यम गांवच्या जत्रेंत तंबूसमोर सहज बसतात ! परंतु एकदां वीस रुपये देणारे पांचशें मिळणें आणि दरमहा देणारे पांचशें मिळणें यांत फार अंतर आहे. एक वग फडाला सारा हंगाम पुरतो; मोबाइलवरचें गाणें आठ दिवसांत शिळें होतें. आणि या हिशेबांत आणखी एक खोट आहे, जी मला बोंचते : पैसा दिसणाऱ्या चेहऱ्याकडे जातो. फडाचा आचारी, गाडीचा चालक, तंबूचे खुंट ठोकणारा पोर यांना सुपारींतून भाकर मिळते. सुपर चॅटमधून मिळत नाहीं.

आतां त्या कागदाकडे वळूं. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्याच्या दृष्टीनें गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हीं तीन निरनिराळीं धनें आहेत, व त्यांचे मालकहि निरनिराळे असूं शकतात. १९९४ च्या दुरुस्तीनें प्रयोग करणाऱ्यालाहि हक्क मिळाला. हा प्रयोग करणारा म्हणजे कोण, याची कायद्यांतली यादी वाचण्यासारखी आहे : नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारा. म्हणजे या क्षणीं ध्वनिक्षेपकासमोर बसलेला मीहि गारुड्याच्या पंक्तीला आलों ! २०१२ सालीं याहून मोठी गोष्ट झाली. शब्द लिहिणारा आणि चाल लावणारा यांना गाण्याच्या पुढील उपयोगापासून येणाऱ्या रॉयल्टींत बरोबरीचा वांटा ठरला, आणि तो वांटा वारसावांचून किंवा हक्कांचा पैसा गोळा करणाऱ्या संस्थेवांचून कोणाला लिहून देतां येत नाहीं. तसा करार केला तरी तो व्यर्थ. अशी एक संस्था, आय.पी.आर.एस., १९६९ पासून आहे. गायकांसाठीं इस्रा ही २०१३ सालीं निघाली. करारांत मुदत लिहिलेली नसेल तर ती पांच वर्षें समजावी, असेंहि कायदा म्हणतो. या कागदांत मात्र मुदत लिहिलेली होती : कायमची.

दुसऱ्या दिवशीं मीं त्याला विचारलें, "यांतलीं तुझीं स्वतःचीं गाणीं किती ?" चार. उरलेल्या आठ जुन्या गवळणी, ज्यांचे शब्द कोणाच्याच मालकीचे नाहींत. पण त्याच्या गळ्यांतून निघालेलें त्यांचें ध्वनिमुद्रण कंपनीचें होणार होतें. यूट्यूबजवळ आवाज ताडून पाहणारें यंत्र आहे. सही झाल्यावर त्यानें तेंच मुद्रण आपल्या चॅनेलवर ठेवलें, तर यंत्र तें ओळखील आणि जाहिरातीचा पैसा कंपनीकडे वळूं शकेल.

"आणि तुझें चॅनेल कोणाच्या नांवावर आहे ?"

"मित्राच्या, गुरुजी. त्याच्याच फोनवरून काढलं होतं. खातंही त्याचंच लावलंय."

मीं कपाळाला हात लावला. तीन वर्षें गाणारा हा, आणि धनी मित्र ! मित्र सज्जन आहे म्हणून ठीक. त्याच दुपारीं आम्ही दोघे बँकेंत गेलों. स्वतःच्या नांवाचें नवें चॅनेल, त्याला स्वतःचें खातें, आणि स्वतःचा चौकोन, इतकें तरी झालें. जुन्या चॅनेलवरचे ऐकणारे इकडे किती येतील तें पाहावयाचें आहे.

कागदावर मीं शिसपेन्सिलीनें तीन खुणा केल्या : मुदत पांच वर्षें, त्याचीं चार गाणीं वगळावीं, आणि आपल्या चॅनेलवर गाण्याची त्याला मोकळीक असावी. कंपनीचा मनुष्य म्हणाला, कागद छापील आहे, त्यांत बदल होत नाहीं.

"पण गुरुजी, पंधरा हजार रोख आहेत," माझा विद्यार्थी म्हणाला. "मालकाची उचल फिटते."

याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. नव्या चॅनेलवर पहिल्या आठवड्यांत यु.पी.आय.नें ३४० रुपये आले, त्यांतले ५१ माझे. पाडवा आतां आठ दिवसांवर आहे, राहुट्या लागल्या आहेत, आणि तो कागद सहीवांचून माझ्या टेबलाच्या खणांत पडून आहे.