बी.एस्सी. फिजिक्सनंतर काय? प्रकाशाच्या तंत्रात आपल्या मुलांना वाव आहे

आपल्या वस्त्यांमधून आता बी.एस्सी. झालेली मुले-मुली घरोघर दिसू लागली आहेत. त्यांत फिजिक्स घेतलेलेही पुष्कळ. पण निकालाचे पेढे संपले, की घरात प्रश्न उभा राहतो : पुढे काय? बहुतेकांना दोनच वाटा ठाऊक असतात. बी.एड. करून शाळा, नाहीतर बँक-रेल्वेच्या परीक्षा. एम.एस्सी., सेट-नेट होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आपण पाहतो आणि म्हणतो, फिजिक्समध्ये काही अर्थ नाही.

हा निष्कर्ष घाईचा आहे. फिजिक्स म्हणजे केवळ मास्तरकी नव्हे. त्यातली एक शाखा हातांना आणि डोक्याला सारखेच काम देते. ती म्हणजे प्रकाशाचे तंत्र, अर्थात ऑप्टिक्स आणि फोटॉनिक्स.

हे काम असते तरी काय?

प्रकाश निर्माण करणे, वळवणे, मोजणे आणि त्यावरून संदेश पाठवणे, हे ते काम. डोळ्यांच्या दवाखान्यातला लेसर, दुकानात मालावरच्या रेघा वाचणारे यंत्र, उपग्रहावरचा कॅमेरा, रस्त्याखालून गेलेली इंटरनेटची काचेची तार, हे सारे त्यातच येते.

ही तार आपल्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) तयार होते. तेथे स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे ऑप्टिकल फायबरचे कारखाने आहेत. काचेची जाड कांडी प्रचंड उष्णतेत वितळवून तिच्यातून तार ओढतात. काचेच्या या तारेची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि लांब पल्ल्याच्या तारेत प्रकाश धावतो तो गाभा त्याहूनही तेरा-चौदा पट बारीक. चांगल्या तारेतून १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. तो खरेच राहतो की नाही, हे मोजून पाहणारा माणूस लागतो. तपासणीचे आणि गुणवत्तेचे हे काम फिजिक्सच्या मुलांच्या आवाक्यातले आहे. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, त्याच शहरातली ही गोष्ट आहे.

सरकारी संस्था

इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथे लेसरवर मोठे काम चालते. देहरादूनला संरक्षण खात्याची आयआरडीई ही प्रयोगशाळा दुर्बिणी आणि रात्री पाहण्याची उपकरणे घडवते. बंगळूरला इस्रोची लिओस, कोलकात्याला काच संशोधन संस्था, चंडीगडला वैज्ञानिक उपकरणांची संस्था आहे. आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांमध्ये लेसरचा किरण सोडून अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या, असा तो प्रकल्प. मराठवाड्याच्या मुलांनी त्याच्या जाहिरातींवर नजर ठेवावी.

अणुऊर्जा विभागाचे प्रशिक्षण एम.एस्सी. झालेल्यांसाठी सर्वांत भक्कम वाट आहे. एम.एस्सी.ला किमान ६० टक्के गुण, निवड परीक्षा व मुलाखत, मग वर्षभर विद्यावेतनासह शिक्षण आणि पुढे वैज्ञानिक अधिकाऱ्याचे पद. सातव्या वेतन आयोगात या पदाचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. बी.एस्सी.वाल्यांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्र वेळोवेळी प्रशिक्षणार्थींच्या जागा काढते.

पहिली वर्षे कसोटीची

सुरुवातीला मोठे शोध कोणी हाती देत नाही. भिंग कसे पुसायचे, आरसा केसभर कसा सरकवायचा, किरण बरोबर नेमावर कसा आणायचा, हे आधी शिकावे लागते. लेसरच्या किरणात चुकूनही डोकावायचे नाही, संरक्षक चष्मा काढायचा नाही. रोजच्या मोजमापांची वही चोख ठेवायची. हे काम सुताराच्या रंध्यासारखे आहे. हात बसला की बसला. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाताचे कसब आहे, त्यांनी या कामाला बिचकू नये.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. 'प्रोजेक्ट असिस्टंट'ची जागा मुदतीची असते. प्रकल्प संपला, की नोकरीही संपते. नेमणूकपत्रातली मुदत वाचूनच सही करावी आणि त्या काळात पुढच्या परीक्षेचा अभ्यास सोडू नये. नेट-जेआरएफ मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये (जानेवारी २०२३ पासूनचा दर) मिळतात. पीएच.डी. करताना घराला हातभार लागतो.

तयारी काय करावी?

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी 'जॅम' परीक्षा द्यावी. त्यातून आयआयटीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. एम.एस्सी.नंतर 'गेट' द्यावी. कोचीन विद्यापीठात फोटॉनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. संगणकावर पायथन शिकावे. प्रॅक्टिकल मित्राच्या वहीतून उतरवू नये, स्वतः करावे. मुलाखतीत नेमके तेच विचारतात.

कागदपत्रे वेळेत करावीत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण केंद्राच्या नमुन्यातला जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो, आणि जात पडताळणीला वेळ लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती व संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती यांच्या तारखांवर लक्ष ठेवावे.

आईवडिलांसाठी दोन शब्द

बाप हमाली करतो, आई धुणीभांडी करते. अशा घरात आणखी तीन-चार वर्षे थांबणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण एवढी वर्षे रेटली, तर पुढचा पगार आणि मान दोन्ही पक्के होतात. मुलगी इंदूर-देहरादूनला जाते म्हणाली, तर लग्नाची घाई करून तिची वाट अडवू नका. शेजारच्या शिकलेल्या मुलांनी विहारात रविवारी तास-दोन तास गणित-फिजिक्स घ्यावे. त्याला पैसा लागत नाही.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. आपल्या मुलांनी प्रयोगशाळेतही उभे राहावे, यासाठीच ना? तिथली जागा आपली आहे. ती घ्यायला तयारीनिशी जावे.

जयभीम!